आरशाआधीचा चेहरा

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे साठी-सत्तरी ओलांडलेल्या भिल्ल किंवा पावरा बाईच्या कपाळावर, हनुवटीवर, कधी डोळ्याच्या कडेला निळसर-हिरवे ठिपके दिसतात. लहानपणी गोंदलेले. सुया एकत्र बांधायच्या, काजळीत किंवा पाल्याच्या रसात बुडवायच्या आणि पोरीला घट्ट धरून कातडीत टोचत जायचं. मग सूज येते, खपली धरते, आणि खपली गळाली की रंग जन्माचा राहतो. मेल्यावर सगळं इथंच राहतं, फक्त गोंदण सोबत येतं, अशी समजूत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. या रितीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. काचेला चांदीचा मुलामा देण्याची लीबिगची रासायनिक पद्धत १८३५ची. स्वस्त आरसे बाजारात आले ते त्यानंतर. गोंदणाची चाल त्याहून कितीतरी जुनी. म्हणजे शरीराचा जो भाग आपला आपल्याला कधीच थेट दिसत नाही, नेमका तोच भाग या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सजवला. स्वतःचा चेहरा त्यांना ठाऊक होता तो सुईच्या कळेतून, बोटांच्या स्पर्शातून आणि समोरच्याच्या नजरेतून. ‘मी’ची ओळख आरशातून जन्मत नाही, आधीपासून असलेली ओळख माणूस आरशातल्या चित्राशी जुळवायला शिकतो, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचा पुरावा मला सातपुड्याच्या चालीरीतींत दिसतो.

मानसशास्त्राने मात्र बराच काळ आरशालाच कसोटी मानलं. १९७० मध्ये गॉर्डन गॅलपने चिंपांझींना भूल देऊन त्यांच्या भुवईवर आणि कानावर लाल रंगाचा डाग लावला. रंग असा निवडला होता की त्याला वास नाही आणि तो कातडीला जाणवतही नाही. जागे झाल्यावर आरशात पाहून त्यांनी स्वतःच्या भुवईला हात लावला, तेव्हा त्यांना स्वतःची ओळख आहे असा निष्कर्ष निघाला. दोनच वर्षांनी ब्यूला अ‍ॅमस्टरडॅम यांनी लहान मुलांच्या नाकाला लाली लावून पाहिलं आणि दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मूल यात उत्तीर्ण होतं असं मांडलं. गोंदण आणि गॅलपचा डाग शेजारी ठेवले तर फरक लगेच लक्षात येतो. डाग केवळ डोळ्यांना कळावा असा मुद्दाम बनवला होता. गोंदण आधी कातडीला कळतं, डोळ्यांना नंतर कधीतरी. केनियातल्या ग्रामीण मुलांवर हीच चाचणी घेतली, तेव्हा त्यांतली बहुतेक मुलं डागाला हात न लावता नुसती उभी राहिली. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. या मुलांना ‘मी’ कळत नाही असं कोण म्हणेल?

यावर एक आक्षेप येतो. एडमंड कार्पेंटर या मानववंशशास्त्रज्ञाने न्यू गिनीतल्या बियामी लोकांना मोठे आरसे दाखवले, तेव्हा ते थिजले, तोंडावर हात ठेवून पाहत राहिले, असं त्याने लिहिलं आहे. मग आरसा नसलेल्या माणसाची स्वतःची ओळख अपुरीच होती ना? पण त्याच वर्णनात पुढे आहे की थोड्याच दिवसांत ते आरशासमोर साजशृंगार करू लागले. ‘मी’ तयार व्हायला काही दिवस पुरत नाहीत. काचेची खुबी समजायला मात्र नक्की पुरतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मेंदूच्या आजारातून येतो. काही रुग्णांना, विशेषतः स्मृतिभ्रंशात, आरशातला माणूस परका वाटतो. तो आपल्या मागे मागे हिंडतो, अशी त्यांची पक्की खात्री असते. शेजारी उभ्या बायकोचं प्रतिबिंब काहींना बरोबर ओळखू येतं, स्वतःचं तेवढं नाही. मग मेंदूत ‘आरशातला मी’ ओळखणारी एखादी खास जागा असून तीच बिघडते की काय? नोरा ब्रीन, मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे दोन रुग्ण बारकाईने अभ्यासले. एकाला चेहरेच नीट ओळखता येत नव्हते. दुसऱ्याला चेहरे कळत, पण आरसा म्हणजे काय हेच मेंदू विसरला होता. मागे धरलेली वस्तू घ्यायला तो काचेकडेच हात नेई. वाटा दोन, भ्रम मात्र एकच. शिवाय विचित्र शंका मनात आली की ती तपासून बाजूला सारणारी यंत्रणाही ढिली पडलेली असावी लागते, असं कोल्टहार्ट मांडतात. तेव्हा आरशातली ओळख ही अनेक धाग्यांची वीण आहे. त्यातला कुठलाही धागा तुटला तरी ती उसवते, आणि तरीही तो रुग्ण स्वतःला ‘मी’च म्हणत असतो.

रोजचा चेहरा पुरता पुसूनही ‘मी’ टिकतो, हे पुन्हा सातपुड्यातच दिसतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या जुन्या संस्थानाची राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली असं सांगतात. मानता म्हणजे नवस घेतलेले नर्तक, बावा-बुध्या, काही दिवस पाळणी करतात, म्हणजे व्रताचे नियम पाळतात, जमिनीवर निजतात, अंगभर पांढरी नक्षी काढून घेतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतात, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून रात्रभर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. रोजच्या चेहऱ्याचं इथं काही उरत नाही. बाहेरून पाहणारा याला भ्रमाच्या रांगेत बसवू पाहील, पण ते चूक ठरेल. आरशातल्या परक्यावर विश्वास बसलेल्या रुग्णाला त्यातून परत येता येत नाही, त्याच्या खात्रीला कुणी सामील नसतं. बुध्याचं रूप सारं गाव मिळून घडवतं. पाळणी कधी धरायची आणि कधी सुटायची हे आधीच ठरलेलं असतं, आणि ती सुटली की तो अंघोळ करून पुन्हा शेताच्या कामाला लागतो. पाठीवरची ठिपक्यांची ओळ तर त्याला स्वतःला दिसतही नाही; ती दिसते त्याच्यामागे नाचणाऱ्याला.