होर्तुस मलाबारिकुस व देवनागरींतील वनस्पतिनामें

जुनीं बाडें चाळतांना सनदा, महजर, शकावल्या हातीं आल्या म्हणजे संशोधकास आनंद होतो. परंतु झाडपाल्याच्या नांवांची यादी आढळल्यास तो तें पान बाजूस सारतो. ही उपेक्षा योग्य नाहीं, हें 'होर्तुस मलाबारिकुस' या ग्रंथावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोचीन येथील डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानें सिद्ध करविलेला हा लॅटिन ग्रंथ आम्स्टरडॅम येथें इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत १२ खंडांत छापला गेला. त्यांत मलबारांतील ७४२ वनस्पतींचें वर्णन आहे. इट्टी अच्युतन् या मल्याळी वैद्यानें माहिती पुरविली. रंगभट, विनायक पंडित व आपूभट या कोंकणी ब्राह्मणांनींही साहाय्य केलें. या तिघांचें २० एप्रिल १६७५ चें कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडांत देवनागरी अक्षरांत आहे. अनेक चित्रांवरही देवनागरी नांवें कोरलेलीं आहेत.

या ग्रंथास आधारभूत अशा वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रह उपलब्ध नाहीं. त्यामुळें लिनियसनें १७५३ सालीं यावरून ज्या जाती नोंदविल्या, त्यांपैकीं कित्येकांस चित्र हेंच मूळ प्रमाण ठरलें. खरपुडीच्या वर्गांतील 'सेरोपेजिआ कॅन्डेलाब्रम' ही वेल नवव्या खंडांतील चित्रावरूनच निश्चित होते. बकुळीच्या शास्त्रीय नामांतील 'एलेंगी' हें पद तर मल्याळम् 'इलञ्ञि' याचेंच रूप होय.

पुढें कालिकत विद्यापीठाचे प्रा. के. एस. मणिलाल यांनीं अनेक वर्षें परिश्रम करून यांतील बहुतेक सर्व वनस्पती पुन्हां शोधिल्या व त्यांस आधुनिक वर्गीकरणांत स्थान दिलें. त्यांचें इंग्रजी भाषांतर २००३ सालीं प्रसिद्ध झालें.

केवळ नांव हें निर्णायक प्रमाण नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. निघंटूंत 'अमृता' म्हणजे गुळवेल, तशीच हिरडाही. परंतु चित्र, स्थळ व लोकांच्या तोंडचें नांव हीं तिन्ही जुळलीं म्हणजे संशय फिटतो. सह्याद्रींतील खरपुडीच्या कित्येक जाती आज दुर्मिळ आहेत. त्यांचे कंद खणून खाल्ले जातात. वेल गेली व नांवही गेलें, तर पुढील शोधकानें काय शोधावें?

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, वैद्यकाच्या बाडांतील व समासांतील गांवठी नांवें जशींच्या तशीं, गांव व शक यांसह उतरून घ्यावीं. संस्कृत पर्याय हवा तर शेजारीं लिहावा. मूळ शब्द मात्र खोडूं नये.