राष्ट्रध्वजाचे वस्त्र

राष्ट्राची संस्कृती व्यक्त करणाऱ्या पारंपरिक चिन्हांमध्ये राष्ट्रध्वजाचे स्थान अग्रगण्य असते. सामान्यतः ध्वजाचा आकार, त्याचे रंग व त्यावरील चिन्ह यांनाच प्रतीकात्मक अर्थ दिला जातो आणि कापडाची निवड हा सोयीचा भाग मानला जातो. भारतात मात्र हातसुताची व हातमागावर विणलेली खादी हे ध्वजाचे केवळ साधन न राहता त्या प्रतीकाचे एक अंगच बनले. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रनिर्मित कापडाच्या व पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. ह्या बदलाचे मर्म समजण्यासाठी खादीच्या संकेताचा इतिहास जसा पहावा लागतो, तसाच त्या संकेताबाहेर राहिलेल्या यंत्रमागाचाही पहावा लागतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहर व त्यातील नारपोली हा भाग यांवरून ह्या दुसऱ्या इतिहासाची चांगली कल्पना येते.

स्वदेशीकडून खादीकडे : कापड आणि राष्ट्रीयत्व यांची सांगड प्रथम वंगभंगविरोधी चळवळीत दृढ झाली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत परदेशी मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी करण्यात आली. ह्या काळातील स्वदेशीच्या कल्पनेत देशी गिरण्यांचे कापड निःशंकपणे समाविष्ट होते, त्यामुळे चळवळीचा लाभ मुंबईच्या गिरण्यांनाही झाला. महात्मा गांधींनी (१८६९–१९४८) ही कल्पना अधिक काटेकोर केली. त्यांच्या मते कापड देशात तयार होणे पुरेसे नव्हते. ते खेड्यातील कातणाऱ्या व विणणाऱ्या हातांना काम देणारे असावयास हवे होते. ह्याच विचारातून १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. अशा रीतीने वीस वर्षांच्या आत ‘राष्ट्रीय’ कापडाची व्याख्या बदलली आणि मुंबई, सोलापूर यांसारख्या शहरांतील गिरणीचे देशी कापडही तिच्या कक्षेबाहेर गेले.

ध्वजाची घडण : मादाम भिकाजी कामा (१८६१–१९३६) यांनी २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे फडकविलेल्या ध्वजाला चरख्याचा वा खादीचा संदर्भ नव्हता. तो संदर्भ १९२१ पासून आला. त्या वर्षी बेझवाडा (विजयवाडा) येथील काँग्रेस समितीच्या अधिवेशनप्रसंगी पिंगली वेंकय्या यांनी ध्वजाचा आराखडा गांधीजींना सादर केला. ध्वजावर चरखा असावा, ही सूचना जालंदरच्या लाला हंसराज यांची होती. १९२३ मध्ये नागपूर येथे झालेल्या झेंडा सत्याग्रहाने ह्या ध्वजाला लोकमानसात स्थान मिळवून दिले. १ मे रोजी सुरू झालेल्या ह्या सत्याग्रहात जमनालाल बजाज यांना कारावास घडला आणि पुढे त्याचे नेतृत्व वल्लभभाई पटेल यांनी केले. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा व हिरवा अशा पट्ट्यांचा आणि मध्यभागी निळा चरखा असलेला ध्वज अधिकृतपणे स्वीकारला. त्यावेळी रंगांचे अर्थ धर्मपंथांवरून न लावता धैर्य व त्याग, सत्य व शांती आणि श्रद्धा व शौर्य असे लावण्यात आले. चरखा हे जनसामान्यांच्या आशेचे चिन्ह ठरले.

संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी राष्ट्रध्वजाचा ठराव मंजूर केला. जवाहरलाल नेहरूंनी तो मांडताना सभागृहाला दोन ध्वज दाखविले. त्यांपैकी एक रेशमाचा, तर दुसरा सुती खादीचा होता. चरख्याच्या जागी सारनाथच्या सिंहशीर्षावरील अशोकचक्र आले. तथापि निळे चक्र हे चरख्याचे निदर्शक असेल, असे ठरावातच नमूद करण्यात आले. मूळ चरखा ध्वजावरून जाणे गांधीजींना रुचले नव्हते. ठरावाच्या ह्या मजकुरात रंग, चक्र व २ : ३ हे प्रमाण यांचा उल्लेख आहे, कापडाचा मात्र नाही. खादीचे बंधन पुढे मानकांच्या व ध्वजसंहितेच्या द्वारे आले. भारतीय मानक संस्थेने १९५१ मध्ये ध्वजाचे मानक प्रसिद्ध केले. संस्थेच्या मानकमालेतील ते पहिलेच होय.

खादीची व्याख्या व ध्वजनिर्मिती : खादी व ग्रामोद्योग आयोग अधिनियम, १९५६ नुसार भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी वा लोकरी धाग्यापासून भारतातच हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी. ह्या व्याख्येत कातणी व विणणी ह्या दोन्ही क्रिया हातानेच होणे अपेक्षित आहे. त्यामुळे गिरणीचे सूत वापरून हातमागावर विणलेले कापड ‘हातमागाचे’ ठरते, पण ‘खादी’ ठरत नाही. ध्वजाच्या फडकणाऱ्या भागासाठी बंटिंग नावाचे विरळ विणीचे कापड व दोरीकडील पट्टीसाठी डक हे जाड कापड लागते. ही निर्मिती मोजक्याच केंद्रांत होते. कर्नाटकात धारवाडजवळील गरग व हुबळीजवळील बेंगेरी ही केंद्रे प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. कातणीच्या व शिलाईच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

ध्वजासंबंधीचे आचारही रूढ झाले आहेत. ध्वज भूमीला स्पर्शू न देणे, केशरी पट्टा वर ठेवणे, फाटका वा मळलेला ध्वज न फडकविणे, निरुपयोगी झालेला ध्वज एकांतात सन्मानपूर्वक, शक्यतो दहन करून नष्ट करणे हे त्यांपैकी काही होत. १९७१ च्या अधिनियमाने ध्वजाचा अवमान हा दंडनीय अपराध ठरविला आहे.

भिवंडी व नारपोली : कामवारी नदीकाठचे भिवंडी हे जुने व्यापारी गाव. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातून आलेली मोमीन विणकर कुटुंबे येथे स्थायिक झाली व हातमागाचा व्यवसाय वाढला. १९३० च्या दशकापासून यंत्रमाग येऊ लागले आणि स्वातंत्र्योत्तर काळात त्यांनी हातमागांची जागा घेतली. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांचा दीर्घ संप झाला. त्यानंतर कापडनिर्मितीचा मोठा भाग भिवंडीसारख्या केंद्रांकडे वळला. नारपोली हे मूळचे गाव ह्याच वाढीत शहराचा भाग झाले आणि शेतीच्या जागी यंत्रमागांच्या शेडांची कंपाउंडे उभी राहिली.

ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये खळ देऊन ते बीमवर गुंडाळले जाते, बाण्याचे सूत कांड्यांवर भरले जाते आणि मागावर धोट्याच्या फेऱ्यांनी कापड विणले जाते. हे कोरे कापड रंगाई व छपाईसाठी पुढे पाठविले जाते. अनेक मागवाले स्वतः सूत विकत घेत नाहीत. व्यापाऱ्याने दिलेल्या सुतापासून ठरलेल्या मजुरीवर कापड विणून देतात. कामगार मुख्यतः उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगण येथील असून एकेक कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवतो. त्याची मिळकत विणलेल्या कापडाच्या लांबीवर अवलंबून असते. वीज खंडित झाली वा बाजारात मंदी आली, की ती घटते.

देशातील सामान्य माणसाच्या अंगावरील स्वस्त कापडाचा फार मोठा भाग अशा मागांवर तयार होत असला, तरी राष्ट्रीय वस्त्रपरंपरेच्या वर्णनात यंत्रमागाला क्वचितच जागा मिळते. कायद्यानेही त्याला हातमागाचा प्रतिस्पर्धी मानले. १९८५ च्या अधिनियमाने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. प्रथम २२ प्रकार राखीव होते, १९९६ मध्ये ते ११ करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा अधिनियम वैध ठरविला. हातमागाचे संरक्षण आवश्यक होते यात शंका नाही. तथापि भिवंडीचा यंत्रमागवाला हा बव्हंशी हातमाग विणकराचाच वारस असल्याने कारागीर व यंत्र असा सरळ विरोध येथे लागू पडत नाही.

ध्वजसंहितेतील बदल व त्याचे परिणाम : २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकांना वर्षातील सर्व दिवशी ध्वज लावण्याची मोकळीक दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी, नवीन जिंदल यांच्या प्रकरणात, सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे मान्य केले. त्यामुळे ध्वज कार्यालयांपुरता न राहता घरोघर पोहोचू लागला. २०२१ ची दुरुस्ती व ऑगस्ट २०२२ मधील ‘हर घर तिरंगा’ मोहीम ह्यांनी ही मागणी अनेक पटींनी वाढविली. हातसुताच्या मोजक्या केंद्रांना एवढ्या अल्पावधीत ती पुरविणे शक्य नव्हते. दुसरीकडे स्वस्त पॉलिएस्टरच्या स्पर्धेमुळे त्या केंद्रांतील कारागिरांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला व हुबळी येथे ह्या दुरुस्तीचा निषेध झाला.

ह्या वादात दोन्ही बाजूंना श्रमाचाच प्रश्न गुंतलेला आहे. १९०५ मध्ये गिरणी, १९२५ मध्ये चरखा आणि २०२१ नंतर यंत्रमाग व कृत्रिम धागा अशी राष्ट्रीय कापडाची मर्यादा तीनदा बदलली आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी हाताला काम मिळाले, तर कोणाचे तरी गेले. खादीच्या संकेताने ध्वजाच्या रूपाबरोबरच तो घडविणाऱ्या हातांचेही स्मरण ठेवले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. यंत्राच्या कापडाला मान्यता मिळाल्याने ते स्मरण अनावश्यक होत नाही; नांदेडच्या कातणारणीबरोबरच नारपोलीच्या माग चालविणाऱ्याचाही त्यात समावेश करावा लागतो.