‘डूम’, विधी आणि बुडीत

इंग्रजीतील ‘डूम’ हा शब्द आज अटळ सर्वनाशासाठी वापरला जात असला, तरी जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘दोम’ असे होते आणि अर्थ नाश नव्हे, तर कायदा किंवा न्यायनिवाडा असा होता. ज्या प्राचीन धातूपासून तो आला, त्याचेच संस्कृत रूप ‘धा’, म्हणजे ठेवणे. जे घालून ठेवले ते ‘दोम’, आणि याच ‘धा’ला ‘वि’ उपसर्ग लागून झालेला ‘विधी’ मराठीत कायदाही आहे आणि ‘विधिलिखित’ या शब्दातले दैवही. विल्यम राजाने १०८६ मध्ये इंग्लंडातील जमिनींची जी मोजदाद करविली, तिच्या दप्तराला पुढे ‘डूम्सडे बुक’, म्हणजे अंतिम निवाड्याच्या दिवसाचे पुस्तक, हे नाव पडले, कारण त्यातील नोंदीविरुद्ध दाद मागता येत नसे. विनाश हा अर्थ रूढ झाला तो १६०० च्या सुमारास.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात ‘डूम’च्या सर्वांत जवळ जातो तो शब्द ‘बुडीत’. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘मस्ज्’च्या जागी येणारा ‘बुड्ड’ हा धातू नोंदविला आहे. त्याच कुळातले मराठी ‘बुडणे’, आणि वसूल न होणारे कर्ज ते ‘बुडीत’. तानसा (१८९२), भातसा, बारवी अशा धरणांनी या हिशेबाच्या शब्दाला जमिनीचा अर्थ जोडला. पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी जेथवर चढते ती उंची, नकाशावर आखली गेली की तिच्या आतले गाव पाण्याचा थेंब येण्यापूर्वीच ‘बुडितात गेले’ असे भूतकाळी म्हटले जाते. ‘दोम’चा विसरला गेलेला मूळ अर्थ या भूतकाळात शिल्लक आहे: आधी निवाडा, मग नाश. त्यामुळे बुडिताला दैव म्हणणे ही शब्दाचीच चूक ठरते. ते कोणीतरी घालून दिलेले असते, आणि मुंबईची तहान भागविणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हेही त्याच निवाड्याचे फळ आहे.

घालून दिलेले अडविताही येते. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे काम वनजमिनीची मंजुरी मिळण्याआधीच सुरू झाले होते. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.