दीर्घिका कशा घडतात? वायूच्या जमाखर्चाची गोष्ट

‘गुरुत्वाकर्षणामुळे वायू एकत्र आला, त्याचे तारे झाले आणि ताऱ्यांची दीर्घिका झाली.’ बहुतेक ठिकाणी उत्तर एवढंच मिळतं. ते चूक नाही, पण मला नेहमीच अर्धवट वाटत आलं आहे. कारण वायू दाबला गेला की तापतो, आणि तापलेला वायू आणखी दाबून घ्यायला तयार नसतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तेच. मग तारे झाले कसे?

(‘आकाशगंगा’ हे खरं तर आपल्या दीर्घिकेचं नाव. बोलताना आपण ते सगळ्यांनाच लावतो. इथे मी तसं करत नाही.)

विश्वाचं वय साधारण १,३८० कोटी वर्षे. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात आपल्यापर्यंत पोहोचतो. त्यातला तापमानाचा चढउतार लाखात एक भाग इतका किरकोळ आहे. एवढ्याशा चढउतारातून दीर्घिका उभ्या करायला नेहमीचं द्रव्य पुरलं नसतं. ते काम कृष्णद्रव्याने, म्हणजे डार्क मॅटरने केलं. ते नेहमीच्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त आहे आणि प्रकाशाचा दाब त्याला जाणवत नाही, त्यामुळे त्याचे पुंजके आधीच जमू लागले. वायू मागाहून त्यांत ओढला गेला.

थंड होणं महत्त्वाचं

आत पडणारा वायू तापला. पण वायूचे कण एकमेकांवर आदळतात, प्रकाश बाहेर टाकतात आणि ऊर्जा गमावतात. कृष्णद्रव्याला हे जमत नाही. म्हणून ते मोठ्या फुगीर गोळ्यासारखं पसरून राहिलं आणि वायू मात्र थंड होत मध्याकडे उतरला. उतरताना ऊर्जा गेली, फिरकी गेली नाही. फिरत्या खुर्चीवर बसून पसरलेले हात जवळ घेतले की आपण जोरात फिरतो, तसा वायूचाही वेग वाढला आणि त्याची चपटी तबकडी झाली. आकाशगंगा आपल्याला पट्ट्यासारखी दिसते ती यामुळेच. आपण त्या तबकडीच्या आत बसलोय.

आता गंमत बघा. पुंजका फारच मोठा असेल तर वायू इतका तापतो की थंड व्हायला त्याला विश्वाच्या वयाहून जास्त वेळ लागेल. दीर्घिका अमर्याद मोठ्या का होत नाहीत, याचं हे एक कारण. १९७७ मध्ये मार्टिन रीस आणि जेरेमाया ऑस्ट्रायकर यांनी हा हिशोब मांडला. त्याच वर्षी जोसेफ सिल्क आणि जेम्स बिनी यांनीही स्वतंत्रपणे.

तरीही नुसता हा हिशोब धरला तर आज दिसतात त्याहून कितीतरी जास्त तारे असायला हवे होते. म्हणजे कुणीतरी वायू पुन्हा तापवतंय किंवा बाहेर हाकलतंय. लहान दीर्घिकांत हे काम सुपरनोव्हा करतात, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण दुबळं असतं. मोठ्यांत बहुधा मध्यावरचं कृष्णविवर. ययाती समूहात चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला तप्त वायूत प्रचंड पोकळ्या दिसल्या आहेत. मधल्या दीर्घिकेच्या कृष्णविवरातून निघालेल्या झोतांनी त्या कोरल्या आहेत.

खोडदच्या दुर्बिणीने काय मोजलं

साधारण १,००० कोटी वर्षांपूर्वी विश्वात तारे सर्वात जोमाने बनत होते. आज तो वेग दहाव्या हिश्श्यावर आलाय. का? हे कळायला तेव्हाच्या दीर्घिकांत हायड्रोजन किती होता ते मोजावं लागतं. हायड्रोजनच्या अणूतून २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरी निघतात, पण त्या भलत्याच क्षीण. शिवाय विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ताणल्या जाऊन जवळपास दुप्पट लांब होऊन पोहोचतात.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. पुण्याच्या एनसीआरएतील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या मदतीने ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. एकेकटा संदेश दिसतच नव्हता, सरासरी मात्र दिसली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण ज्या वेगाने त्या तारे बनवत होत्या त्या वेगाने तो १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही आणि ताऱ्यांचं बनणं मंदावलं. मला यातलं सर्वात आवडतं ते हे, की उत्तर एखाद्या झगमगीत फोटोतून आलं नाही, बेरजेतून आलं.

आपल्या आकाशगंगेत सध्या वर्षाला एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे बनतात. शेजारची देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि आपल्याकडे सरकतेय. दोघींचं मीलन ठरलेलंच, असं अनेक वर्षं सांगितलं जायचं; २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार पुढच्या १,००० कोटी वर्षांत ते होण्याची शक्यता निम्मी-निम्मीच आहे. झालंच, तर तारे एकमेकांवर सहसा आदळणार नाहीत, त्यांच्यात अंतरच तेवढं आहे. आदळेल तो वायू.