कैद्यांच्या वाफ्यातून टेबलावर

महाबळेश्वरच्या कड्यांना साहेबांची नावं आहेत. लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर. १८२४ साली इंग्रज अधिकारी लॉडविक ही टेकडी चढून आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाई भागातलं खंडाळा गाव देऊन बदल्यात ही जागा घेतली आणि माल्कम पेठ वसली. एवढा इतिहास टॅक्सीवालाही सांगतो. पण इथे हवा खायला येणाऱ्या माणसाच्या पानात काय वाढायचं, हा प्रश्न सोडवणाऱ्यांची आठवण फक्त एका धबधब्याच्या नावात उरली आहे: चायनामन्स फॉल.

डोंगरावरच्या माणसांचं रोजचं अन्न नाचणी आणि वरी. तांबड्या, निचऱ्याच्या उतारावर तेवढंच नीट पिकायचं. गोऱ्या कुटुंबांना मात्र बटाटा, गाजर, कोबी आणि सॅलडचा पाला हवा होता. तो पुण्या-मुंबईहून घाट चढवून आणायचा, तर वाटेतच अर्धा सुकणार.

१८३४ मध्ये इथे एक तुरुंग बांधला गेला. त्यात पेनांग, मलाक्का, सिंगापूर या इंग्रजी वसाहतींतून काळ्या पाण्यावर धाडलेले चिनी आणि मलय कैदी ठेवले होते. त्यांच्यावर पहारा सैल असे आणि त्यांना मळे करू देत. धबधब्याजवळ त्यांचे भाजीचे वाफे होते. बटाटा आणि विलायती भाज्या या डोंगरावर कशा काढायच्या, हे त्यांनी करून दाखवलं आणि ते पाहून आसपासचे शेतकरी शिकले. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला, भाजीची लागवड मात्र मागे राहिली.

याच काळात उलट्या दिशेनेही जहाजं भरून कैदी जात होते. हिंदुस्थानातले कैदी सिंगापूरला नेले जात. तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच हातांनी उभं राहिलं. सिंगापूर आपल्या इतिहासात त्या मजुरांचा उल्लेख करतं. आपण आपल्या चिनी माळ्यांचा तेवढाही करत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांतल्या एकाचंही नाव आज कोणाच्या तोंडी नाही.

पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम इथे पडू लागला. त्यामागोमाग पारशी आले, गुजराती व्यापारी आले, त्यांचे बंगले झाले, मग हॉटेलं. महाबळेश्वरच्या जुन्या हॉटेलांत खोलीच्या भाड्यातच सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं धरलेलं असायचं, आणि ती रीत काही ठिकाणी अजून आहे. आज बाजारपेठेत एका टोकाला जैन थाळी आणि दुसऱ्या टोकाला कबाब मिळतात. वेण्णा तलावाकाठी घोड्यांच्या शेजारी मक्याचे पॅटिस तळले जातात.

या सगळ्यात भाग्यवान निघाली स्ट्रॉबेरी. तीही इंग्रजांच्याच हौसेने आली आणि बरीच वर्षं बंगल्यांच्या बागांत राहिली. आज देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा या एका टापूतून जातो आणि २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या डोंगरावर पावसाळ्यात रोप टिकत नाही. म्हणून परदेशातून आणलेली मातृरोपं वाईच्या बाजूला खाली वाढवतात आणि त्यांच्या धावत्या फांद्यांना मुळं फुटली, की सप्टेंबर-ऑक्टोबरात ती रोपं वर आणून गादीवाफ्यांवर लावतात. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन या जाती फ्लोरिडाच्या, कॅमारोसा कॅलिफोर्नियाची. जवळच्या भिलार गावच्या शेतात सकाळी तोडणी चालू असताना बघावं: बाई फळाला हात लावत नाही. देठ नखात धरून खुडते आणि हिरव्या टोपीसकट फळ अलगद डब्यात ठेवते. बोट दाबलं गेलं, तर दुपारपर्यंत तिथे डाग पडतो आणि तो डबा मुंबईच्या गाडीत चढत नाही.

डागी फळाचं काय करायचं, याचं उत्तर पाचगणीत सापडलं. १९५९ मध्ये किशोर व्होरा यांनी तिथे फळप्रक्रियेचा उद्योग सुरू केला. तोच मॅप्रो. जॅम आणि क्रश यांच्यामुळे नासणारं फळ वर्षभर विकता येऊ लागलं. पुढे गुरेघरला मॅप्रो गार्डन झालं, तिथे भट्टीतला पिझ्झा आणि ग्रिल्ड सँडविच आलं. उंच ग्लासात खाली फळाचे तुकडे, मग फेटलेली साय, वर आइस्क्रीम आणि माथ्यावर पुन्हा अख्खी फळं: हे स्ट्रॉबेरी क्रीम खाल्ल्याशिवाय आता महाबळेश्वरची सहल पुरी होत नाही. विलायतेत उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीवर साधी साय ओतून खातात. आइस्क्रीमची भर आपली, आणि माझ्या मते ती योग्य आहे, कारण इथलं फळ आंबटाकडे झुकतं.

बाजारातल्या बहुतेक मेनूकार्डांवर ‘चायनीज’चं एक पान असतं. त्याचं कूळ कोलकात्याच्या हक्का चिनी वस्तीत आणि मुंबईच्या हॉटेलांत आहे, महाबळेश्वरच्या तुरुंगाशी त्याचा काही संबंध नाही. इथल्या चिन्यांचा वारसा शोधायचा असेल, तर तो त्या हॉटेलाबाहेर पाटीत गाजरं आणि लाल मुळे मांडून बसलेल्या बाईकडे आहे. ती भाजी या डोंगरावर पिकते, हे पहिल्यांदा त्यांनी दाखवलं.