परिचारिकेच्या कामाचा परिसर : लंडनमधील एका पाहणीचा पुनर्विचार

परिचारिकेच्या कामाच्या परिसराचा विचार करू लागताच आपली दृष्टी प्रथम भिंती, खिडक्या, खाटांमधील अंतर आणि वसतिगृहाच्या खोल्या यांकडे जाते. या दृष्टीला मोठी परंपरा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा रुग्णालयांच्या रचनेवरील ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरस्कारलेला लांबट, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेला, सुमारे तीस खाटांचा वॉर्ड पुढे कित्येक दशके आदर्श मानला गेला. त्याचा एक गुण असा, की प्रमुख परिचारिकेला सर्व खाटा आणि खाटांपाशी राबणाऱ्या सर्व मुली एका दृष्टिक्षेपात दिसत. रुग्णाच्या दृष्टीने हा गुणच खरा. पण राबणाऱ्या मुलीला दिवसभर कोणाच्या तरी नजरेखाली वावरावे लागे, याची नोंद स्थापत्याच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

कामाची वाटणी, अधिकाराची उतरंड, बदल्यांची रीत हाही परिसरच होय. आणि परिचारिकेच्या मनावर त्याचा परिणाम दगडविटांहून कमी होतो असे मानण्यास आधार नाही. या दुसऱ्या परिसराचा पहिला सखोल दस्तऐवज म्हणून इझाबेल मेंझीज यांच्या निबंधाकडे पाहावे लागते. 'ह्यूमन रिलेशन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला, त्याला आता साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये परिचारिकांचा तुटवडा होता. शिक्षणासाठी दाखल झालेल्या मुलींपैकी पुष्कळ मध्येच निघून जात. १९४७ च्या सरकारी कार्यगटाने या गळतीचे एक प्रमुख कारण म्हणून रुग्णालयातील शिस्तीकडे आणि वरिष्ठांच्या वागणुकीकडे बोट दाखविले होते. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, परंतु वॉर्डमधील शिस्त बव्हंशी पूर्वीचीच राहिली.

मेंझीज या मूळच्या स्कॉटलंडमधील फाइफच्या. त्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत काम करीत. ज्या रुग्णालयाने त्यांना बोलाविले तेथे सुमारे ७०० खाटा आणि तितक्याच परिचारिका होत्या. त्यांपैकी पूर्ण प्रशिक्षित केवळ १५० च्या आसपास, बाकीच्या सर्व शिकाऊ. रुग्णालयाची तक्रार मर्यादित होती : शिकाऊ परिचारिकांची कामावर नेमणूक करताना शिक्षणाची गरज आणि वॉर्डची गरज यांचा मेळ बसत नाही, तेव्हा वेळापत्रक सुधारून द्यावे. मुलाखती घेता घेता मेंझीज यांच्या ध्यानात आले, की वेळापत्रक हे केवळ वरवरचे लक्षण आहे. सुमारे एक-तृतीयांश मुली शिक्षण अपुरे टाकून जात होत्या आणि किरकोळ आजाराच्या दोन-चार दिवसांच्या रजांचे प्रमाण मोठे होते.

त्यांनी जे चित्र रेखाटले ते असे. एका परिचारिकेकडे चार-सहा रुग्ण सोपविण्याऐवजी कामांची यादी केलेली असे. एकीने सर्वांचे तापमान घ्यावयाचे, दुसरीने सर्वांची अंथरुणे घालावयाची. त्यामुळे प्रत्येकीचा प्रत्येक रुग्णाशी क्षणभर संबंध येई आणि कोणाशीच तो टिकत नसे. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता 'दहा नंबरच्या खाटेवरचे यकृत' असा होई. औषधाची मात्रा पुनःपुन्हा तपासली जाई. क्षुल्लक निर्णयही वरच्या पायरीवर ढकलला जाई. शिकाऊ मुलीला वारंवार एका वॉर्डमधून दुसऱ्यात हलविले जाई आणि चांगल्या परिचारिकेला बदलीचे काही वाटू नये, अशी अपेक्षा असे. ओळखीच्या रुग्णांना सोडून जाताना वाटणारे दुःख बोलून दाखविण्यास जागाच नव्हती. चूक होऊन एखादी मुलगी हादरली, तर तिच्या वाट्याला सांत्वन न येता कठोर शब्द येई. विशेष हे, की कठोर बोलणाऱ्या वरिष्ठांनाही त्या मुलीचे दुःख कळत होते. व्यवस्थेने त्यांना दुसरी भाषाच दिलेली नव्हती.

मेंझीज यांचा सिद्धांत येथून सुरू होतो. मरण, वेदना, परक्या देहाची शुश्रूषा यांतून परिचारिकेच्या मनात करुणेबरोबरच किळस, राग, अपराधभाव असे परस्परविरोधी भाव उठतात. ते आवरण्यासाठी संस्थेने नकळत, पिढ्यान्‌पिढ्या, ही तटबंदी उभारली. परंतु जो स्नेहसंबंध भीतीचे कारण, तोच समाधानाचाही उगम. तटबंदीने दोन्ही बाहेर ठेवले. रुग्ण बरा होऊन घरी जाताना आपल्या हातून काहीतरी घडले, ही जाणीव कोणा एकीची उरली नाही. म्हणूनच अधिक समंजस आणि कुशल मुलींना ही घुसमट अधिक जाणवते व त्याच निघून जाण्याचा संभव अधिक, असे त्यांनी नोंदविले.

या निबंधाच्या उणिवा स्पष्ट आहेत. त्याची परिभाषा मेलनी क्लाइन यांच्या मनोविश्लेषणाची आहे आणि ती सर्वांना पटेल असे नाही. त्याचा मुख्य आधार सुमारे सत्तर जणींच्या व काही डॉक्टर आणि अधिकारी यांच्या मुलाखतींचा. वेतन, विवाह, वसतिगृहाचे निर्बंध यांचा वाटा किती आणि मानसिक भाराचा किती, हे त्यातून वेगळे करता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तरीही निरीक्षणांचे मोल सिद्धांताहून अधिक टिकाऊ आहे. रेजिनाल्ड रेव्हन्स यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात मँचेस्टर परिसरातील रुग्णालयांची तुलना करून दाखविले, की जेथे परिचारिका टिकतात तेथे रुग्णही लवकर बरे होऊन घरी जातात. २००२ मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांवरून जे मांडले ते अधिक नेमके होते : परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की तिच्या मानसिक थकव्याची शक्यता २३ टक्क्यांनी, कामाविषयीच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या तीस दिवसांतील मृत्यूची ७ टक्क्यांनी अधिक आढळते.

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात संख्येपासून झाली, आणि ते अपरिहार्य होते. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, असल्याचे नोंदविले. त्यांच्या राहणीची आणि कामाची स्थितीही समाधानकारक नसल्याचे म्हटले. त्यानंतरची चर्चा प्रायः संख्या, वेतन आणि निवास यांभोवती फिरत राहिली. ज्या वॉर्डमध्ये साठ रुग्णांना दोन परिचारिका असतील तेथे कामांच्या यादीवाचून गत्यंतर नसते, हे मान्य करावेच लागेल. लंडनमध्ये जी मानसिक तटबंदी होती ती अशा ठिकाणी निव्वळ गणित ठरते.

तथापि एक घटना या दोन्ही परिसरांना एकत्र आणते. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईतील एका महापालिका रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलणाऱ्या तरुण परिचारिकेवर तेथल्याच एका कर्मचाऱ्याने प्राणघातक हल्ला केला. सुरक्षिततेसाठी आणि कामाच्या स्थितीत सुधारणा व्हावी म्हणून परिचारिकांनी संप केला. दगडविटांच्या परिसराचा प्रश्न संपलेला नाही, हे त्या तळघराने दाखविले. पुढे ही परिचारिका त्याच रुग्णालयात २०१५ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, रुग्ण म्हणून राहिली. ज्यांनी तिला कामावर कधी पाहिलेही नव्हते अशा परिचारिकांच्या पिढ्यांनी तिची शुश्रूषा केली आणि २०११ मध्ये तिच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला आली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. त्या विरोधाच्या योग्यायोग्यतेविषयी दुमत असू शकेल. मात्र तेथे खाटेवरच्या रुग्णाला नाव होते, आणि वॉर्डमधील प्रत्येकीला ते ठाऊक होते.