शेंडेनक्षत्र आणि कृष्णविवर : कुमारांच्या विज्ञानकथामालेचा प्रश्न

मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली ती १९७४नंतर, असे सामान्यतः मानले जाते. त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकर यांची ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने दाखल होऊन पहिली आली. पुढील वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. वस्तुतः ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच ‘केरळकोकिळ’ मासिकात अवतरले होते. परंतु भाषांतर आणि बालवाङ्मय या दोन्ही कोटी आपल्याकडे गौण ठरल्याने, भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी कुमारांसाठी केलेली व्हर्नची भाषांतरे या इतिहासात नामनिर्देशापलीकडे जात नाहीत.

व्हर्नच्या कादंबऱ्या मुळात एका मालेचा भाग होत्या. प्रकाशक एत्झेल यांनी ‘असाधारण प्रवास’ या शीर्षकाखाली त्या गुंफल्या. त्यांतील नायक बदलत, प्रवास मात्र चालू राही. भागवतांची शीर्षके पाहिली की ही माला मराठीत कोणत्या भाषिक भांडवलावर उभी राहिली ते कळते. ‘चंद्रावर स्वारी’मधील ‘स्वारी’ हा शब्द बखरीतून येतो. तो केवळ रंगतीसाठी आलेला नाही. १८६५च्या मूळ कादंबरीत अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर रिकामे बसलेले तोफखान्याचे लोक चंद्राकडे तोफ रोखतात. तेव्हा ‘स्वारी’ हे कथेचे अचूक वाचनच ठरते. ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ भूगर्भशास्त्राला पुराणातील भूगोलाशी जोडते. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’मध्ये तर टपालपत्त्यावरचा ‘मुक्काम’ थेट धूमकेतूला चिकटतो. येथे ‘धूमकेतू’ हा संस्कृत शब्द न घेता आजीच्या तोंडचे ‘शेंडेनक्षत्र’ घेतले आहे. ‘कृष्णविवर’ ही संज्ञा शिकावी लागते. ‘शेंडेनक्षत्र’ मुलाला आधीच ठाऊक असते. (‘वामन परत न आला’, ‘यक्षांची देणगी’ ही नारळीकरांची शीर्षके पाहता त्यांनाही पुराणाचा आधार घ्यावासा वाटला, हे नोंदविले पाहिजे.)

हा भेद शैलीपुरता नाही. १९७४ मध्येच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. आज ते मानखुर्दला आहे. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या प्राथमिक शाळांत त्याने आपले आरंभीचे काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषाच विज्ञानाच्या आकलनात आड येते, ही गोष्ट केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी आग्रहाने मांडली. शिक्षणशास्त्राने वर्गात जो अडसर हेरला, तो भागवतांनी कथेत ओलांडलेला दिसतो. समीक्षेने मात्र या दोन घटनांचा एकत्र विचार केलेला नाही.

प्रश्न उरतो तो मालेचा. मराठीत कुमारांसाठी दीर्घायुषी नायक घडविणारे लेखकही भागवतच. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे वीस पुस्तकांत वावरला. पण तो साहसकथेचा नायक झाला, विज्ञानकथेचा नाही. एकाच लेखकाच्या हाती दोन्ही सूत्रे असूनही ती एकत्र आली नाहीत. याचे कारण मालेच्या घडणीत शोधावे लागते. फेणेचे जग प्रत्येक पुस्तकाअखेर पूर्ववत व्हावे लागते. तो पुन्हा शाळेत, सायकलीवर दिसला तरच पुढची गोष्ट सुरू होते. विज्ञानकथेतील शोध खरा मानला, तर त्याने जग बदलायला हवे. बंगालीत सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये ‘संदेश’ मासिकात सुरू केलेल्या प्रोफेसर शंकूच्या कथांत ही अडचण रोजनिशीने सोडविली. शोधकर्ता शंकू स्वतःच लिहितो, आणि त्याचे शोध बहुधा गिरिडीहच्या घरातल्या प्रयोगशाळेतच राहतात. जग बदलत नाही, वहीची पाने तेवढी वाढत जातात. फेणेला अशी वही मिळाली नाही. त्याच्याकडे कान, डोळे आणि सायकल होती, आणि चंद्रावर जायचे तर भागवतांना व्हर्नकडेच परतावे लागले.